गोवर, संमती आणि सुटलेली मुले : बाललसीकरणाच्या वादाबद्दल

सातरस्ता (धागाकर्ता)

बाललसीकरणाबद्दल आंतरजालावर मराठीत जे लिहिले जाते, त्यातला मोठा भाग अमेरिकेतल्या वादाची उजळणी असतो. गोवराच्या लशीने स्वमग्नता (ऑटिझम) येते का, लशीत पारा असतो का, औषध कंपन्या आणि सरकारे यांचे साटेलोटे आहे का, हेच प्रश्न त्याच क्रमाने येतात आणि उत्तरे देणारेही ठरावीक उत्तरे देऊन मोकळे होतात. ती उत्तरे इथे आधीच देऊन टाकतो, म्हणजे धागा तिथेच अडकून पडणार नाही.

गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा लेख अवघ्या १२ मुलांवर बेतलेला होता. ब्रायन डीअर या पत्रकाराने त्यामागचे आर्थिक हितसंबंध आणि नोंदींतली फिरवाफिरव उघडकीस आणली, २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण जास्त आढळले नाही. राहता राहिला पारा. गोवराच्या लशीत त्याचे संयुग मुळातच नसते. एका कुपीत अनेक डोस असणाऱ्या काही लशींत ते जंतुसंसर्ग टाळण्यासाठी अत्यल्प प्रमाणात घातलेले असते.

मला मांडायचे आहे ते वेगळे. २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस गोवंडीच्या रफीनगर भागात लागोपाठ तीन बालके दगावली आणि मुंबईत गोवराची साथ असल्याचे सर्वांच्या ध्यानात आले. केंद्राचे पथक आले. साथ गोवंडी ज्यात येते त्या महापालिकेच्या एम-पूर्व विभागापुरती राहिली नाही, भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना एक जादा डोस देण्याचा निर्णय झाला आणि जिथे अगदी तान्ह्या बाळांत रुग्ण जास्त होते तिथे ६ महिन्यांपासूनच लस देण्याची मुभा मिळाली. ज्या घरांतली मुले लसीकरणातून सुटली होती, त्या घरांत वेकफील्ड यांचे नाव कोणी ऐकले असेल असे मला वाटत नाही. तिथली कारणे निराळी होती. सत्र भरते त्या वेळी आई कामावर असते. बाळंतपण उत्तर प्रदेशातल्या गावी झालेले असते आणि लसीकरणाचे कार्ड तिथेच राहिलेले असते. पहिल्या मुलाला सुईनंतर दोन दिवस ताप आला होता, म्हणून दुसऱ्याच्या वेळी ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे ठरते. आणि भाड्याची खोली बदलली की आशाताईंच्या यादीतून ते घरच नाहीसे होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १२ ते २३ महिने वयाच्या पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे देशातले प्रमाण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७६.४ टक्क्यांवर आले. वाढ चांगलीच आहे. तरीही चारांतले एक मूल कुठे ना कुठे अर्धवट राहिलेले आहे आणि त्यामागे विचारपूर्वक नकार किती, गैरसोय किती आणि अविश्वास किती, याची चर्चा आपण करत नाही. माझे मत सरळ आहे. आपल्याकडचा प्रश्न पटवून देण्याचा कमी आणि पोहोचण्याचा, झालेल्या त्रासाबद्दल खरे बोलण्याचा जास्त आहे. यावर डॉक्टर मंडळींनी आणि प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहावे.

सावधपालक

धागा आवडला, परंतु ‘विचारपूर्वक नकार’ देणाऱ्यांना तुम्ही एका वाक्यात वाटेला लावलेत, ते पटले नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला (रुबेला म्हणजे जर्मन गोवर) लसीकरण मोहीम सुरू झाली, तेव्हा माझी मुलगी प्राथमिक शाळेत होती. शाळेतून चिठ्ठी आली, तिच्यावर तारीख होती, ‘मुलाला उपाशी पाठवू नये’ अशी सूचना होती, मात्र संमतीसाठी रकाना नव्हता. मी विचारणा केली, तर ‘सरकारी मोहीम आहे, सगळ्यांनाच द्यायची आहे’ असे उत्तर मिळाले. मुलीला आधीच दोन डोस झालेले असताना तिसरा कशासाठी, एवढाच माझा प्रश्न होता. पुढे जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीतल्या अशाच मोहिमेबाबत तिथल्या उच्च न्यायालयाने पालकांची स्पष्ट संमती आवश्यक असल्याचे सांगितले, म्हणजे माझा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता.

२००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प राबवला गेला, त्यात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या. सात मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत जोडता आला नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये त्या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले, ते संमतीच्या याच खेळखंडोब्यामुळे. २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका उत्पादकाच्या पोलिओ लशीत पोलिओ विषाणूचा टाइप २ हा प्रकार सापडला. थेंबांच्या लशीत तो प्रकार वापरणे २०१६ मध्येच जगभर बंद केलेले होते आणि त्या लशीचा पुरवठा महाराष्ट्रातही झाला होता. २०२१ च्या जानेवारीअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. माझ्या दोन्ही मुलांचे सगळे डोस पूर्ण आहेत. तरीही असे काही विचारले की समोरचा माणूस थेट ‘लसविरोधक’ असा शिक्का मारतो, त्याला काय म्हणावे?

बालवैद्य

सावधपालक, तुमच्या तिसऱ्या डोसच्या प्रश्नाला शाळेने उत्तर द्यायला हवे होते, कारण ते अवघड नव्हते. नवव्या महिन्यात दिलेल्या गोवराच्या डोसने सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळते, कारण त्या वयात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) काही बाळांत अजून शिल्लक असतात आणि ती लशीला निष्प्रभ करतात. दोन डोसांनंतर हे प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांवर जाते. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या सर्व मुलांना एकदम डोस देण्यामागे उरलेली मुले हुडकण्याचा हेतू होता, कारण कोणाच्या शरीरात लस लागू पडलेली नाही हे बाहेरून दिसत नाही. शिवाय आपल्याकडे तोवर बहुसंख्य मुलांना नुसत्या गोवराची लस मिळालेली होती, रुबेलाची मिळालेलीच नव्हती. ज्यांना आधी डोस झाला आहे त्यांना आणखी एक दिल्याने अपाय होत नाही. हे चार ओळींत छापता आले असते आणि खाली सहीसाठी जागाही ठेवता आली असती.

गोवराला लोक अजूनही ‘येऊन जाणारा’ आजार समजतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लस न घेतलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना हा आजार देतो. विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण तो पसरवत असतो, त्यामुळे ‘आजारी मुलापासून लांब ठेवू’ हा उपाय इथे चालत नाही. मुले पुरळाने दगावत नाहीत. न्यूमोनियाने, जुलाबाने आणि मेंदूच्या सुजेने दगावतात, आणि कुपोषित मूल सर्वांत आधी. त्यातून वाचलेल्या मुलांच्या शरीरात आधीच्या आजारांविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्तीही गोवराने बऱ्याच प्रमाणात पुसली जाते आणि पुढचे कित्येक महिने ती मुले या ना त्या आजाराने फिरून फिरून दवाखान्यात येतात. एसएसपीई नावाचा मेंदूचा आजार गोवर होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. शाळेत हुशार असलेला मुलगा हळूहळू विसरायला लागतो, हातापायांना झटके येतात आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. तान्हेपणी झालेला गोवर आईला आठवतही नसतो.

आता तापाबद्दल, कारण माझ्या ओपीडीत खरा वाद याच्यावर होतो. पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची एकत्रित लस) दिल्यावर त्याच रात्री ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरते. खासगी दवाखान्यांत डांग्या खोकल्याची ‘पेनलेस’ लस मिळते, तिने हा त्रास कमी होतो. मात्र तिचे संरक्षण लवकर ओसरते. कॅलिफोर्नियात २०१० मध्ये डांग्या खोकल्याचे नऊ हजारांवर रुग्ण झाले आणि दहा तान्ही बाळे दगावली, त्यामागे हेही एक कारण मानले जाते. जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७४-७५ मध्ये लशीनंतर दोन बालकांचा मृत्यू झाल्यावर तिथे लसीकरण ८० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास घसरले. १९७९ मध्ये डांग्या खोकल्याचे १३ हजारांवर रुग्ण आणि ४१ मृत्यू नोंदले गेले. त्याच जपानने कमी त्रासाची लस तयार करून १९८१ पासून वापरायला घेतली. लोकांची भीती खोटी ठरवत बसण्यापेक्षा त्यांनी लस सुधारली, हे मला महत्त्वाचे वाटते.

उपकेंद्र

मी आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाले. वरची चर्चा वाचून एका गोष्टीबद्दल लिहावेसे वाटले, जी मोठ्या लेखांत येत नाही. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते. ती सोबतच्या द्रावणात मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. पेंटाची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते, पण गोवर आणि बीसीजी (क्षयरोगाची लस) यांना ती सवलत नाही. आता पाच डोसांची कुपी आणि सत्राला आलेले गोवराचे मूल एकच, अशी वेळ वाडीवस्तीवर नेहमी येते. एका मुलासाठीही कुपी फोडावी असा नियम आहे. परंतु वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वरून विचारला जातो, त्यामुळे काही ठिकाणी ‘पुढच्या सत्राला या, मुले जास्त असतील’ असे सांगून आईला परत पाठवले जाते. ती आई मजुरी बुडवून आलेली असते. पुढच्या सत्राला ती येत नाही आणि कागदावर मात्र तिचे मूल ‘पालकांची उदासीनता’ या खात्यात जमा होते.

कुपीवर एक छोटे वर्तुळ असते आणि त्याच्या आत चौकोन. लस उष्णतेत राहिली की तो चौकोन गडद होत जातो. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी वापरायची नाही. मी आयांना ते दाखवत असे. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते कळते आणि पुढच्या वेळी ती स्वतः म्हणते, ‘बाई, चौकोन दाखवा.’ सुई टोचल्यावर चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचे आणि कार्ड जपून ठेवा. गर्दीच्या दिवशी पहिली आणि तिसरी तेवढी सांगितली जाते. गोवराच्या लशीचा ताप त्याच रात्री येत नाही, आठवडाभराने येतो, हे कोणी सांगितलेले नसेल तर आई त्या तापाचा संबंध भलत्याच गोष्टीशी जोडते. पॅरासिटामॉल किती द्यायचे आणि कधी परत आणायचे, हे सांगायला अर्धे मिनिट लागते.

तर्कटी

सगळे मान्य, परंतु गोवराची साखळी तोडायला सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. इतक्या वर पोहोचायला समजावणी पुरेल असे मला वाटत नाही. शाळाप्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड सक्तीचे करावे. आईवडिलांना आपल्या मुलाबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार आहे, पण सहा महिन्यांच्या शेजारच्या बाळाला, ज्याची नेहमीच्या लशीची वेळ अजून आलेलीच नाही, त्या निर्णयाची किंमत का मोजावी लागावी?

सातरस्ता

तर्कटी, तुमचा शेवटचा प्रश्न बिनतोड आहे, उपाय मात्र पटत नाही. इंग्लंडने १८५३ मध्ये देवीची लस सक्तीची केली. पुढे दंड झाले, दंड न भरणाऱ्यांच्या घरच्या वस्तू जप्त झाल्या, काहींना तुरुंग झाला, आणि १८८५ मध्ये लेस्टरच्या रस्त्यावर हजारोंचा मोर्चा निघाला. १८९८ मध्ये सरकारलाच सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्यांसाठी सूट ठेवावी लागली. आपल्याकडे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविड लशीच्या प्रकरणात कोणावरही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही असे म्हटले. सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याची मुभा ठेवली, आणि लशीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांसाठी खुल्या करण्याची सूचनाही केली. या तिसऱ्या भागाची चर्चा फारशी झाली नाही, आणि मला तोच कळीचा वाटतो.

शिवाय शाळेत जाण्याचे वय पाच-सहा वर्षांचे आणि गोवराने दगावणारी मुले बहुतेक त्याहून लहान. दारात अडवून उपयोग काय? ज्या घरात कार्डच हरवले आहे, त्या घरातली मुलगी शाळेबाहेर राहील, एवढाच परिणाम व्हायचा. पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांनी मुले वांझ होतात अशी अफवा होती. आणीबाणीतल्या नसबंदीची आठवण असलेल्या लोकांत ती रुजली, यात नवल नव्हते. तिथे सक्तीने काम झाले नाही. इमाम, स्थानिक डॉक्टर, विद्यापीठांतले प्राध्यापक यांना सोबत घेऊन घरोघर जावे लागले. देशात २००९ मध्ये पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये हावड्यातली एक मुलगी; त्यानंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण नाही. गोवंडीतही मशिदींतून आवाहने झाली, तेव्हा बंद दारे उघडली.

तर्कटी

पोलिओला जितका पैसा, माणसे आणि वर्षे दिली गेली तितकी गोवराला मिळणार असतील, तर माझा सक्तीचा आग्रह मी सोडतो. ती मिळताना दिसत नाहीत.

पश्चिमवारा

टेक्सासहून लिहीत आहे. इथे शाळेत लसीकरणाच्या नोंदी लागतात, पण ‘सदसद्विवेकाच्या कारणास्तव’ सूट मागता येते. पश्चिम टेक्सासमधल्या गेन्स परगण्यात अशा सूट घेतलेल्या मुलांचे प्रमाण मोठे होते आणि २०२५ च्या जानेवारीत तिथूनच साथ सुरू झाली. ऑगस्टमध्ये ती संपल्याचे जाहीर होईपर्यंत राज्यात ७६२ रुग्ण नोंदले गेले आणि शाळकरी वयाची दोन मुले दगावली; दोघांनाही लस दिलेली नव्हती. ज्या देशाने २००० मध्ये गोवर हद्दपार झाल्याचे जाहीर केले होते, त्याची ही अवस्था. म्हणजे सक्तीचा कायदा असूनही सूट मागण्याची वाट मोकळी असली की एकाच वस्तीत लस न घेतलेली मुले एकवटतात, आणि राज्याची सरासरी चांगली दिसत असताना तिथे वणवा पेटतो.

इथे येणाऱ्या मराठी पालकांसाठी एक व्यवहारातली गोष्ट: भारतात नवव्या महिन्यात दिलेला गोवराचा डोस इथल्या शाळा धरत नाहीत, कारण पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस त्यांच्या नियमात बसत नाही. मुलाला पुन्हा डोस घ्यावा लागतो. ‘भारतातली लस कमअस्सल आहे म्हणून’ असा अर्थ काही जण काढतात, तो चुकीचा आहे. बालवैद्य यांनी वर जे आईच्या प्रतिद्रव्यांबद्दल लिहिले, तेच त्यामागचे कारण आहे. भारतात साथीचा धोका लवकर असतो म्हणून लवकर डोस. इथे तो धोका कमी मानला गेला म्हणून उशिरा.

जुनीपोथी

अविश्वास आणि अपघात यांच्याबद्दल एक जुनी मुंबईशी जोडलेली हकीकत आठवली. प्लेगच्या साथीत जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्या लशीनंतर १९ माणसे धनुर्वाताने मेली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांचे पद गेले. वास्तविक बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, म्हणजे दोष टोचण्याच्या जागी घडला होता. मात्र तसे मान्य व्हायला १९०७ उजाडावे लागले, आणि तेही मलेरियावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर. परळच्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे, पण मधल्या वर्षांत लशीबद्दल गावोगाव काय बोलले गेले असेल, याची कल्पना करता येते. उपकेंद्र यांनी लिहिलेली कुपी आणि चार तासांची गोष्ट वाचताना हेच मनात आले. लस निर्दोष असून भागत नाही. ती टोचण्याच्या ठिकाणी काय घडले, याचा तपास लवकर आणि उघड व्हावा लागतो.

सावधपालक

यवतमाळच्या घटनेत निदान ते लगेच बाहेर आले आणि कारवाई झाली, हे नोंदवायला हवे. बाकी बालवैद्य यांनी दिलेले तिसऱ्या डोसचे उत्तर मला त्या वेळी कोणी दिले असते, तर मी शाळेशी भांडत बसलो नसतो. संमतीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. रकाना छापला म्हणून लसीकरण घसरेल असे ज्यांना वाटते, त्यांचा पालकांवर विश्वास नाही, एवढेच मी म्हणेन.

माळरान

एक विचारायचे आहे. आमच्या भागात साखर कारखाना आहे आणि दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) पुष्कळ लहान मुले असतात. तीन-साडेतीन वर्षांच्या एका मुलीचे बीसीजीनंतर काहीच झालेले नाही, कार्ड गावी आहे. इथल्या सत्राला नेले तर देतील का, की पत्ता आणि कार्ड नसल्याने परत पाठवतील? आणि इतक्या उशिरा देऊन उपयोग होतो का?

उपकेंद्र

अवश्य न्या. पत्ता कुठलाही असो, सरकारी सत्रात कोणत्याही मुलाला परत पाठवता येत नाही आणि लस मोफतच असते. कार्ड नसेल तर नवे करून मिळते. आता यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसीकरण-नोंदणी यंत्रणेवर नोंद होत असल्यामुळे आईच्या मोबाइल क्रमांकावरून पुढच्या गावातही ती सापडू शकते, म्हणून क्रमांक तिचाच द्या, मुकादमाचा नको. गोवर-रुबेलाचे दोन डोस पाच वर्षांपर्यंत देता येतात, मध्ये एक महिन्याचे अंतर ठेवून. पेंटा मात्र पहिल्या वर्षाच्या आत सुरू करायचे असते, त्यामुळे तिला आता त्याऐवजी त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या) लशीचे डोस मिळतील. पोलिओचे थेंबही पाच वर्षांपर्यंत चालतात. टोळी मार्च-एप्रिलमध्ये उठते, म्हणून दिवस मोजून आत्ताच सुरुवात करा. जमल्यास कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, म्हणजे सत्र तळावरच लावता येईल, आणि वेळ संध्याकाळची मागा, कारण सकाळी सगळे फडात असतात.